न झाकायची चौदा नावं

त्या बुधवारी दुपारपर्यंत माझं ठाम मत होतं की आमच्या ऑफिसात माझ्याइतका हुशार माणूस दुसरा नाही. असं मत व्हायला फार काही लागत नाही. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद कुठून ओढायचा, हे बाकीच्यांना ठाऊक नसलं म्हणजे पुरे.

ऑफिस एका दाताच्या दवाखान्याच्या वर आहे. चार खोल्या, सहा टेलिफोन, आणि जिना चढताना लवंगेच्या तेलाचा वास. ज्यांना मन मोकळं करायला घरात कुणी नाही अशी माणसं इथं फोन करतात. त्यांना नाव विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही, नुसतं ऐकून घ्यायचं, असा इथला नियम. ऐकणाऱ्या चौदा जणी. पाटीवर 'समुपदेशक' लिहिलंय, पण आपसात सगळे त्यांना फोनवाल्या म्हणतात आणि त्याही स्वतःला तेच म्हणवून घेतात. फोन अर्ध्या तासाच्या वर लांबला तर त्याची नोंद टाइप करून ठेवायची. नाव विचारायचं नसलं तरी बोलणारा बोलता बोलता सांगतोच. स्वतःचं सांगतो, नवऱ्याचं सांगतो, सासूचं तर हमखास सांगतो. फोनवाल्या ते सगळं जसंच्या तसं उतरवतात. अकरा वर्षांत अशा तीन हजारांवर नोंदी साठल्या होत्या.

त्या नोंदी एका विद्यापीठातल्या संशोधकांना हव्या होत्या. घरातल्या आजारी माणसाचं करता करता स्वतः खचून जाणाऱ्यांवर त्यांचा अभ्यास चालला होता. आमच्या संचालक मॅडम कबूल झाल्या, पण एका अटीवर. फोन करणारा एकही माणूस ओळखू येता कामा नये. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कॉम्प्युटरची कामं करणारा तिथं मी एकटाच.

मला इथं चिकटवलं होतं ताईनं. ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि या चौदा जणींतली एक. दोन वर्षांपूर्वी माझ्या कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला, तेव्हा मी चंबूगबाळं उचलून तिच्या शहरात आलो. तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर माझी खोली आहे आणि संध्याकाळचं जेवण तिच्याकडे. मी त्रेचाळीस वर्षांचा असून ती मला अजून 'छोट्या' म्हणते, ऑफिसातसुद्धा. सुरुवातीला मी चिडायचो. नंतर चिडणं सोडून दिलं.

तीन हजार नोंदींतली नावं हातानं झाकत बसलो असतो तर तिथंच म्हातारा झालो असतो. पण या कामासाठी तयार लायब्ररी मिळते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी तरी लिहून ठेवलेला, आपण आयता वापरायचा प्रोग्रॅम. मीटिंगमध्ये मी हा शब्द उच्चारला तेव्हा मोठ्या बाईंनी विचारलं, "परत कधी करायचीय रे? उशीर झाला तर दंड बसेल." मोठ्या बाई म्हणजे फोनवाल्यांतल्या सर्वांत जुन्या. फोनवर असल्या की लोण्यासारख्या मऊ, आणि फोन ठेवला की कुणाची गय करत नाहीत.

तर ही लायब्ररी मजकूर वाचते आणि सांगत जाते, की हे कुणाचं तरी नाव दिसतंय, हा फोन नंबर दिसतोय, हा घराचा पत्ता. प्रत्येकापुढे तिला किती खात्री आहे तेही लिहिते, शून्यापासून एकापर्यंत. किती खात्रीच्या वरचं झाकायचं ते आपण ठरवायचं. मग ती नावाच्या जागी 'व्यक्ती' लिहिते, नंबरच्या जागी 'फोन', आणि पुढे जाते.

पहिल्या दिवशी तिनं जे काही झाकलं ते पाहून मी कपाळावर हात मारला. शिलाई मशीनच्या कंपनीला 'व्यक्ती', एका आजोबांच्या रक्तदाबाला 'तारीख', गोळ्यांच्या पाकिटावरच्या आकड्याला 'फोन'. आणि 'शाळेसमोरच्या इस्त्रीवाल्याची थोरली सून' तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली, कारण त्यात नाव कुठाय? गल्लीतलं शेंबडं पोरही त्या सुनेला ओळखेल, पण लायब्ररीच्या लेखी ती कुणीच नव्हती. ही लायब्ररी दुसऱ्यांच्या भाषांसाठी लिहिलेली. तिला आपली भाषा शिकवता शिकवता दोन महिने माझ्या नाकी नऊ आले. खात्रीची रेघ खाली आणली तर नोंदीत 'व्यक्ती, व्यक्ती, व्यक्ती' याशिवाय काही उरायचं नाही. वर नेली की नावं निसटायची. शेवटी एक रेघ जमली आणि मी स्वतःवर फार खूश झालो.

मग सवलतीचं प्रकरण निघालं. अशा लायब्ररीत एक सोय असते. काही शब्द सापडले तरी त्यांना हात लावायचा नाही, अशी यादी तिला देता येते. मोठ्या बाईंना हे कळलं आणि त्यांनी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला.

"अकरा वर्षं लोकांची रडगाणी या कानांनी ऐकली. आणि शेवटी नोंदीत आमच्या जागी काय, तर 'व्यक्ती'? मी काय भुताटकी आहे?"

सगळ्या हसल्या, मॅडमही हसल्या. पण बाईंचं म्हणणं सगळ्यांना पटलं. फोन करणाऱ्यांची नावं झाकायची, ऐकणाऱ्यांची ठेवायची. चौदा जणींकडून मॅडमनी लेखी संमती घ्यायचं ठरवलं. मीटिंग सुटल्यावर ताईनं मला पाण्याच्या फिल्टरजवळ गाठलं.

"छोट्या, त्या यादीत माझं नाव नको घालूस."

"का?"

"नको. कशाला उगाच."

"बघतो," मी म्हणालो.

बघणार काय होतो, कप्पाळ! ताईची ही जुनी खोड. फोटोत मागच्या रांगेत उभं राहायचं, सगळ्यांचं करायचं आणि कुणी कौतुक केलं की विषय बदलायचा. आईची स्मृती गेली तेव्हा शाळेतली नोकरी सोडून तिनं चार वर्षं एकटीनं आईचं केलं. मी दुसऱ्या शहरात होतो. रविवारचा फोन करायचो आणि म्हणायचो, ताई, तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे. नातेवाईक तिचं नाव काढायचे तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात जायची. या वेळी हिचं नाव कुठं तरी छापलं जायलाच हवं, असं मी मनाशी ठरवलं. संमतीच्या कागदावर तिनं सही केली नव्हती, तर मी मॅडमना म्हणालो, "ताईचं मी बघतो, ती लाजतेय." यादीत पहिलं नाव मी तिचंच टाकलं. प्रेमानं टाकलं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

फोनवाल्यांचा पडद्यावर विश्वास नाही. त्यामुळे मशीननं झाकून झाल्यावर शेवटची तपासणी कागदावर करायची, असं ठरलं. एकेका वर्षाच्या नोंदींचा एकेक गठ्ठा छापला. असे अकरा गठ्ठे झाले. तिघी सुट्टीवर होत्या, म्हणजे एकीला एक असा हिशेब बरोबर बसला. मशीनच्या हातून निसटलेलं जे दिसेल त्याभोवती लाल पेनानं गोल करायचा, गुरुवारी गठ्ठे परत करायचे, शुक्रवारी फाइल विद्यापीठाकडे जाणार. सोमवारी सकाळी वाटप झालं. मॅडमनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंय ना सगळं?"

"मॅडम, एकूण एक नोंद माझ्या डोळ्यांखालून गेलीय," मी म्हणालो.

ही लोणकढी थाप होती. मी जेमतेम चारशे नोंदी वाचल्या असतील. जिथं मशीनला खात्री नव्हती तेवढ्याच बघितल्या, बाकी तिच्यावर सोडलं. पण भरल्या मीटिंगमध्ये कोण असं कबूल करतो? ताई समोरच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदांकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी जेवताना ती एका शब्दानं बोलली नाही. मंगळवारी 'डोकं दुखतंय' म्हणाली आणि डबा भरून मला दारातूनच दिला. वयाप्रमाणे दुखत असेल, असं मी म्हटलं आणि डबा घेऊन खोलीवर गेलो.

बुधवारी दुपारी मला काही काम नव्हतं. सगळ्या जणी माना खाली घालून गठ्ठे वाचत होत्या. मी हौस म्हणून एक तक्ता काढला. सवलतीतली चौदा नावं कितीदा आली, पहिल्यांदा कोणत्या तारखेला, शेवटी कोणत्या. शुक्रवारी मॅडमना दाखवून शाबासकी मिळवावी, एवढाच हेतू. मोठ्या बाईंचं नाव पाचशे बारा वेळा आलं होतं. ताईचं दोनशे त्र्याण्णव वेळा. पहिल्यांदा कधी आलं ती तारीख मी वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

आई गेली त्यानंतर सात महिन्यांनी ताई इथं लागली. हे मला पक्कं आठवतं, कारण घरात बसून ती वेडी होईल म्हणून मीच तिच्या मागे लागलो होतो की कुठं तरी जात जा. आणि ही तारीख आई गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातली होती. तेव्हा ताई फोनवाली नव्हतीच.

त्याच नावाची दुसरी कुणी असेल, असं म्हणून मी नोंद उघडली. ती लिहिली होती एका निवृत्त नर्सबाईंनी. त्या सुरुवातीच्या काळात इथं होत्या, चार वर्षांपूर्वी वारल्या. त्यांचं लिहिणं तुटक असायचं.

'दुपारी दोन दहा. पंचावन्न मिनिटं. बाई, वय त्रेचाळीस. नाव नको म्हटलं तरी पूर्ण सांगितलं.' आणि पुढे ताईचं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, अखंड. बाकीच्या नोंदींत जिथं 'व्यक्ती' होतं तिथं इथं माझी बहीण उभी होती, कारण मीच मशीनला बजावलं होतं, हिला हात लावू नकोस.

'आई नुकत्याच वारल्या. स्मृती गेलेली. चार वर्षं एकट्याच करत. त्या दिवशी आई सकाळपासून यांना ओळखेनात. चोर शिरला म्हणून ओरडत होत्या, शेजारी जमले. शेजारी गेल्यावर यांनी आईच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि निघाल्या. कुठं जायचं नव्हतं. बसस्टॉपवर दोन तास बसल्या. बस येत होत्या, जात होत्या. परत आल्या तेव्हा आई दाराच्या आत पडलेल्या. खुर्चीवर चढून दारावरची खिडकी उघडत असाव्यात. खुबा मोडला. सात आठवड्यांनी गेल्या. घरच्यांना बाथरूममध्ये पाय घसरला असं सांगितलंय. खरं कुणालाच सांगितलेलं नाही.

'बसस्टॉपवरून भावाला फोन केला होता. तो म्हणाला, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो. नंतर केला नाही. त्याचा दोष नाही, असं तीन वेळा म्हणाल्या.

'ऐकून घेतलं. केव्हाही पुन्हा फोन करा म्हटलं.'

मी खुर्चीत बसून राहिलो. पहिल्यांदा मला आठवली ती चटई. आई पडली त्याच्या पंधरा दिवस आधी मी बाथरूममध्ये टाकायची रबरी चटई पार्सलनं पाठवली होती. निळी, खालून बुडबुडे असलेली. हॉस्पिटलात मावशीसमोर, काकासमोर मी ताईला विचारलं होतं, "चटई पाठवली होती ना मी? ती टाकली असतीस तर ही वेळ आली नसती." ताई म्हणाली, "विसरले." एवढंच म्हणाली. मावशीनं मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या सगळ्या घराला माहीत होतं की ताई चटई टाकायला विसरली. आणि मी, मोठ्या मनाचा माणूस, तिला मनातल्या मनात माफ करून मोकळा झालो होतो.

ती कसली मीटिंग होती, ते मी आठवून पाहिलं. आठवलं नाही. त्या कंपनीत रोज तीन मीटिंगा व्हायच्या.

मग माझ्या लक्षात आलं. ही नोंद नऊ वर्षांपूर्वीची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची. तिसऱ्या वर्षाचा गठ्ठा छापून सोमवारीच वाटला गेला होता. ज्या चौदा जणींत ताईचा शब्द मानला जातो, नवीन आलेल्या मुली जिला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर तीन दिवस हे पान पडून होतं. मी फळ्याकडे धावलो. तिथं वाटपाची यादी लावली होती. तिसऱ्यासमोर लिहिलं होतं, मोठ्या बाई.

मोठ्या बाईंनी वाचलं असेल तर आतापर्यंत सगळ्यांना कळलं असेल. एव्हाना खाली दाताच्या डॉक्टरलाही कळलं असेल.

बाई मधल्या खोलीत फोनवर होत्या. फोन चालू असताना आत बोलायचं नाही, हा नियम आहे. मी दारात उभा राहिलो. "हं… हं… मग?" असं बाई म्हणत होत्या. त्यांनी मला हातानं 'काय?' विचारलं. मी कागद उलटल्याची खूण केली. त्यांनी मला पिटाळायची खूण केली. मी हललो नाही. पलीकडचा माणूस काय सांगत होता देव जाणे, पण पंचवीस मिनिटं त्या बाईनं "हं" आणि "मग?" याशिवाय तोंडातून तिसरा शब्द काढला नाही. इतकं ऐकून घेताना मी आयुष्यात कुणाला पाहिलं नव्हतं. मी स्वतः कधी ऐकून घेतलं असेल, ते तर सोडूनच द्या.

त्यांनी फोन ठेवला. "काय आग लागलीय?"

"तिसरा गठ्ठा. तुमच्याकडचा. जरा हवा होता, त्यात छपाईची चूक आहे."

"तिसरा माझ्याकडे कुठाय? तुझ्या ताईनं बदलून घेतला. सोमवारीच, वाटप झालं तेव्हाच. म्हणाली, मला तिसरा द्या, माझा सहावा घ्या. मी म्हटलं घे बाई, सहाव्यात पानं कमी आहेत."

"तुम्ही उघडलाही नव्हता?"

"दोरीसुद्धा सोडली नव्हती. का रे? चेहरा असा का केलायस?"

मी निघालो. चार पावलं मला हायसं वाटलं. कुणी वाचलं नव्हतं. पाचव्या पावलाला लक्षात आलं की ताईनं वाचलंय.

ताई शेवटच्या खोलीत बसते. खिडकीशी टेबल आहे, त्यावर फोन आणि पाण्याची बाटली. फोन त्या वेळी शांत होता. गठ्ठा तिच्यासमोर होता आणि हातात लाल पेन. मला पाहून तिनं पेन खाली ठेवलं नाही. मी स्टूल ओढून बसलो आणि गठ्ठा माझ्याकडे वळवला. तिनं वळवू दिला.

तिनं डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं. इस्त्रीवाल्याच्या सुनेभोवती गोल. 'जळालेल्या गिरणीच्या मालकाचा जावई' याच्याभोवती गोल. 'जुळ्यांतला एक गेला ती शिंपीण', गोल. नाव नसलं तरी ओळखू येणारं माणूस तिनं एकही सोडलं नव्हतं. मी पानं उलटत तिच्या पानाशी आलो. ते पान कोरं होतं. तिच्या नावाभोवती, कडीभोवती, बसस्टॉपभोवती कुठंही लाल ठिपकासुद्धा नव्हता.

"वाचलं होतंस," ताई म्हणाली. ती विचारत नव्हती.

"आत्ता वाचलं. तासही झाला नाही."

"आत्ता?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तू सगळ्यांसमोर म्हणालास, एकूण एक नोंद डोळ्यांखालून गेलीय."

"थाप मारली गं. चारशेसुद्धा वाचल्या नव्हत्या."

"आणि माझं नाव? मी नको म्हटलं होतं."

"मला वाटलं, तू लाजतेयस. तुझं नाव व्हावं, म्हणून मुद्दाम ठेवलं."

खाली दवाखान्यातलं मशीन चालू झालं, बंद झालं.

"मला वाटलं, तुला कळलंय," ती म्हणाली. "कळलंय, आणि म्हणून ठेवलंयस. मी नको म्हटलं असताना ठेवलंस म्हणजे मुद्दामच. म्हटलं, बरोबर आहे त्याचं. त्याची पण आई होती. तोंडावर बोलायचं नसेल, म्हणून असं करतोय. मी गठ्ठा बदलून घेतला तो नाव चुकून राहिलं असेल तर खोडायला. आणि मग बघितलं तर तू ठेवलेलं. तू दिलेली शिक्षा मी कशी खोडू? दोन दिवस हे पेन हातात घेऊन बसलेय."

लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. दोन दिवस मी हिच्याकडून डबा घेऊन गेलो होतो. माझ्या हातची शिक्षा भोगत हिनं माझा डबा भरला होता, त्यात माझ्या आवडीची भाजी घातली होती.

"मी काढतो," मी कसंबसं म्हणालो. "अख्खी नोंद काढून टाकतो. यादीच काढतो, चौदाही नावं. मोठ्या बाईंना काय बोंबलायचं ते बोंबलू दे."

"यादी काढ. नोंद राहू दे."

"ताई, नाव नसलं तरी ओळखू येईल."

"कुणाला? कडी काय एकट्या माझ्याच दाराला आहे? बसस्टॉपवर काय मी एकटी बसले असेन?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी रोज ऐकते इथं, छोट्या. पन्नास जणी बसल्यात तशा. अभ्यास करणाऱ्यांनी वाचू दे ना. वाचायलाच हवं कुणी तरी."

मग तिनं पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि पहिला लाल गोल काढला. मला वाटलं नावाभोवती काढतेय. तिनं काढला तो शेवटाकडच्या चार ओळींभोवती, बसस्टॉपवरून केलेला फोन जिथं होता तिथं.

"हे मात्र काढ," ती म्हणाली. "यावरून तू ओळखू येशील. मावशीला बरोबर कळेल. उगाच तुझ्या नावाला बट्टा."

लायब्ररीला त्या ओळींत काहीच सापडलं नव्हतं. नाव नाही, नंबर नाही, पत्ता नाही. मी माझ्यापुढचा कागद पाहत राहिलो. मग तिच्या हातातून पेन घेतलं. मी तिच्या नावाभोवती गोल काढला, आडनावासकट. चार ओळींभोवतीच्या गोलावर मी फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'हे ठेवायचं'.

"छोट्या, अरे पण…"

"ताई," मी म्हणालो, "मीटिंग संपली."

तिला क्षणभर अर्थ लागला नाही. मग लागला. नऊ वर्षांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. आताही ती फार रडली नाही. पदर डोळ्यांना लावला, बाटलीतलं पाणी प्यायली, टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. हे नियमाच्या विरुद्ध आहे.

"सकाळपासून सांगू, की बसस्टॉपपासून?" तिनं विचारलं.

"सकाळपासून," मी म्हणालो.